बाई आधी चाखायच्या

बाईंनी माझं काम पहिल्यांदा बघितलं ते डोळ्यांनी नाही, जिभेने.

मी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यात बाइंडर होतो. वाचली किती म्हणाल, तर चौथीनंतर एकही नाही. पुठ्ठा, पाठ, शिवण एवढ्याशी माझा संबंध, आतलं ज्याचं त्याने बघावं. छापखाना बंद झाला तेव्हा किरकोळ कामं घरी घ्यायला लागलो. बाई आमच्या घरी आल्या त्या दिवशी एका शाळेची हजेरीबुकं बांधून ओळीने वाळत लावली होती. बाईंनी चपला काढल्या, त्यातलं एक उचललं, पाठीवर बोट फिरवलं आणि सरळ चाटलं. मग खिडकीपाशी जाऊन बाहेर थुंकल्या.

"कडू आहे," त्या म्हणाल्या. "काय घालता यात?"

मी म्हणालो, मोरचूद. चिकटवायच्या मैद्याच्या खळीत चिमटीभर मोरचूद घातला नाही तर पुस्तकाला कसर लागते, झुरळं पाठ कुरतडतात. आमच्या घरी तो निफाडहून येतो. भाऊ द्राक्षबागेवर फवारतो, त्यातला मूठभर पुडीत बांधून देतो. सगळे बाइंडर घालतात.

"झुरळाने खाऊ नये म्हणून विष, आणि पोराने खाल्लं तर?"

"बाई, हजेरीबुक कोण चाटतंय?"

"माझ्याकडची सगळी चाटतात," बाई म्हणाल्या.

बाईंची पेठ रोडला एका कॉलनीत बालवाडी होती. एक हॉल, मागे मोरी, पुढे फरशीचं अंगण. पोरं वीस-बावीस. माझी बायको तिथे मावशी म्हणून कामाला होती. झाडलोट, खाऊ, पोरांची नाकं पुसणं. तिनेच बाईंना सांगितलं होतं, आमचे हे बाइंडर आहेत.

बाईंचा एकच कायदा होता. मुलाच्या हाती जायची वस्तू आधी बाईंच्या तोंडात जायची. रंग, खडू, शाडूची माती, पान, फूल, बी, सगळं. सकाळी पोरं गोल करून बसायची. बाई मधे स्टुलावर. बोटाला वस्तू लावायची, बोट जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे. पोरं श्वास धरून बसायची. बाई डोळे उघडून म्हणायच्या, छान. मग पोरं तुटून पडायची. बाईंनी चाखल्याशिवाय तिथलं शेंबडं पोरसुद्धा कशाला हात लावत नसे. नवीन आलेल्या एका पोराला त्याच्या आईने घरून लाडू दिला, तर ते लाडू घेऊन बाईंपुढे उभं, आधी तुम्ही चाखा.

मी घरी म्हणायचो, तुझी बाई येडी हाय. बायको म्हणायची, असू दे येडी, पोरं आजारी तर पडत नाहीत ना.

आता त्या पुस्तकांचं सांगतो. गंगापूर रोडच्या कोणीतरी बाईंना पोरांसाठी एक चित्रांचं इंग्रजी पुस्तक भेट दिलं. चार ऋतूंचं. गुळगुळीत कागद, कोपरे गोल, शिवण मात्र टाकाऊ. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणून झाडं दाखवलेली सगळी लालभडक, पानं खाली पडलेली, पोरं त्यात लोळतायत. एक पोरगी म्हणाली, बाई, आपण पण लाल पानात लोळू या. बाईंनी तिथल्या तिथे पोरांना चपला घालायला लावल्या आणि पाटाच्या कडेने लाल पान शोधायला निघाल्या. माझी बायको मागे पाण्याची कळशी घेऊन. आश्विनातलं ऊन, तुम्हाला माहीत आहे. पाट भरून वाहत होता, गवत कमरेएवढं, त्याला तुरे आलेले, झाडं गच्च हिरवी. लाल पान एक सापडलं. ते प्लास्टिकचं होतं, कोणाच्या तरी गणपतीच्या मखरातलं.

बाईंनी सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, "पुस्तकात झाड लाल आहे. हे झाड हिरवं आहे. मग चुकलंय कोण?"

एक पोरगा म्हणाला, "झाड."

बायको घरी येऊन हे सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, बाइंडर, मला बावीस पुस्तकं पाहिजेत, प्रत्येकाचं वेगळं. आपली पानगळ माघ-फाल्गुनात येते. शरदात गवत तुऱ्यावर येतं, झेंडू फुलतो, इगतपुरीकडे भात लोंबतो. पोरांचं पुस्तक पोरांनीच करायचं, जे पायाखाली सापडेल ते चिकटवून.

मला सगळे काका म्हणतात. बाईंनी कधी म्हटलं नाही. शेवटपर्यंत बाइंडर. पण 'अहो बाइंडर' म्हणायच्या, जसं डॉक्टरला म्हणतात तसं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मी विचारलं, आत काय छापायचंय? त्या म्हणाल्या, काही नाही. सहा ऋतूंची पानं ठेवा, कोरी. मी म्हणालो, निदान या वर्षीची चित्रं तरी आधी काढून घ्या, मग बांधू. कोरं पुस्तक बांधून देणं बरं दिसत नाही.

"आलंच नाही ते चिकटवायचं कसं?" बाई म्हणाल्या.

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. कोणी म्हणालं की पावसाळ्यात उन्हाळ्याच्या सुट्टीचं ठरवू, तर बाईंचं हेच. एका आईने विचारलं, माझा पोरगा पुढे कोण होईल वाटतं? तिलाही हेच.

काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. पानांमधे झाडाची पानं चिकटवली की पुस्तक फुगतं, तोंड उघडं राहतं, पाठ फाटते. म्हणून फोटोच्या अल्बमला घालतात तशी प्रत्येक दोन पानांमधे कागदाची अरुंद पट्टी घालून शिवलं. पाठीत आधीच जागा ठेवली, पुढे येणाऱ्या वस्तूंसाठी. बाईंनी पुस्तक हातात घेऊन उघडझाप केली आणि म्हणाल्या, कोरं असून भरल्यासारखं वाटतं. चाळीस वर्षांत माझ्या कामाबद्दल कोणी एवढं बोललं नव्हतं. छापखान्यात फक्त विचारायचे, झालं का.

बाईंचा आणखी एक हट्ट होता. तोडायचं नाही, पडलेलंच घ्यायचं. मुलांनी फुलाला हात लावला तर ओरडायच्या नाहीत, म्हणायच्या, थांब, त्याला पडू दे. पण आश्विनात पडतं काय? एकदा एका सोसायटीच्या बाहेर पारिजातक होता, त्याची फुलं सकाळीच झाडून नेलेली. मग बाई पोरांना घेऊन झाडाखाली बसल्या. आता एक तरी पडेल म्हणून. तासभर बसल्या. वॉचमन आला, म्हणाला, मॅडम, इथे काय चाललंय? बाई म्हणाल्या, फूल पडायची वाट बघतोय. तो म्हणाला, मी हलवून देतो की झाड. बाईंनी त्याला बालवाडीतल्या पोरासारखा हाताला धरून शेजारी बसवला. बायको सांगायची, तो पण बसला, पण डोळे गेटकडे. फूल पडलं ते त्याच्या टोपीवर. त्याने ते दिलं नाही, घरी नेलं.

आपट्याचं पान शरदाच्या पानावर पाहिजेच होतं, आणि आपटा तर दसऱ्याला लोक ओरबाडूनच आणतात. बाईंनी त्यातूनही वाट काढली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना घेऊन निघायच्या. आदल्या दिवशी वाटलेलं सोनं सगळ्या गावभर पडलेलं असतं. देवळाच्या पायऱ्यांवर, रिक्षा स्टँडवर, लोकांच्या दारात. कोणी खिशातून टाकलेलं, कोणी हातातून सुटलेलं. ते पोरं वेचायची. मग अंगणात बसून दोन ढीग करायची, कारण त्यातलं निम्मं सोनं आपट्याचं नसतंच, कांचनाचं असतं. आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत. कांचनाचं मोठं आणि मऊ. झाडं जवळची, दोन्हींची पानं मधे चिरलेली, जोडीची, त्यामुळे विकणारा कांचन विकतो आणि घेणारा घेतो.

मला हे कळलं तेव्हा मी पासष्ट वर्षांचा होतो. म्हणजे इतकी वर्षं मी भावकीत, छापखान्यात, मालकाला, सासऱ्याला कांचन वाटत आलो आणि म्हणत आलो, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. बायको म्हणाली, म्हणूनच आपण असे राहिलो.

मी बाईंना विचारलं, मग खोटं सोनं फेकून देता का?

"खोटं काही नाही त्यात," बाई म्हणाल्या. "त्याचं नाव वेगळं आहे, एवढंच." आणि पोरांना समोरासमोरच्या दोन पानांवर दोन्ही चिकटवायला लावलं, खाली नावं घालून.

पुस्तकं मी शिवायचो. खळ बायको करायची, आत गॅसवर. पहिल्या दिवशीच बाईंनी थुंकून दाखवलं होतं, त्यामुळे बाईंच्या कामात मोरचूद नाही हे ठरलेलंच होतं. बांधायलाही तीच खळ आणि पोरांना बोटाने चिकटवायलाही तीच, डब्यात भरून. तीन-चार वर्षं असं चाललं. मधे करोनात बालवाडी बंद होती, नंतर पुन्हा सुरू झाली, पुस्तकं पुन्हा सुरू झाली.

श्रावणात बायको गेली. छातीत दुखलं, दोन दिवस दवाखान्यात, संपलं. याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. लोक म्हणाले देवाची मर्जी. मी म्हणालो, देवाला माझ्या घरात काय कमी दिसलं ते तरी सांगावं. मग लोक यायचे बंद झाले, ते बरंच झालं.

बाई तेराव्याला आल्या होत्या. कोपऱ्यात बसल्या. निघताना म्हणाल्या, "बाइंडर, दसऱ्याला पुस्तकं लागतील." शेजारचे म्हणाले, काय बाई आहे, वेळ-काळ बघत नाही. मला वाटलं, एक तरी माणूस असं आलं की ज्याला माझ्याकडून काहीतरी पाहिजे होतं.

बावीस पुस्तकं मी नवरात्रात शिवली. खळ मीच केली. तिचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, तिचाच गॅस. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांसाठी ताजी खळ करून डबा भरला, पातेल्यात पाणी ओतून ठेवलं आणि पुस्तकं आणि डबा घेऊन बालवाडीत गेलो. पोरं सोनं वेचून आली होती, अंगणात दोन ढीग लागले होते. बाई स्टुलावर बसल्या. डब्यात बोट घातलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. पोरांबरोबर मीही श्वास धरला.

"छान," बाई म्हणाल्या. "मावशींसारखीच."

ते ऐकून मी तिथे थांबलो नाही. रडायला येईल म्हणून सरळ घरी आलो. पोरांना आधी खाऊ, मग हात धुणं, मग चिकटवणं असा क्रम असायचा.

घरी येऊन पातेलं घासायला घेतलं तर आत सगळे काळे डाग. घासले, निघेनात. बोटाला खड्डे लागत होते. छापखान्यात आम्ही खळ मातीच्या कुंडीत ठेवायचो, जर्मनच्या भांड्यात कधी नाही, कारण मोरचूद जर्मनला खातो. मी फळीवर बघितलं. निफाडची पुडी उघडी होती.

कधी घातला ते मला आजही आठवत नाही. चाळीस वर्षं पीठ उकळायला लागलं की हात पुडीकडे जायचा, तसाच गेला असणार. चिमटीभराने खळीला रंग येत नाही आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू.

रिक्षा केली. रस्ताभर एकच विचार. बोटं खळीत, बोटं तोंडात, बावीस पोरं. आणि त्याच्या मागे दुसरा विचार. वाळलेल्या हजेरीबुकावर जिने हे विष ओळखलं, तिने ओल्या खळीत ते छान म्हणून कसं गिळलं?

पोचलो तेव्हा पोरं नळावर हात धूत होती. डबा स्टुलावर होता, झाकण लावलेला.

मी दारातूनच म्हणालो, "बाई, डबा उघडू नका."

"मी चाखलंय, बाइंडर."

"म्हणूनच सांगतोय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पोरांना ओळीत बसायला सांगून मागे मोरीपाशी आल्या. मी सांगितलं, मोरचूद हाय त्यात. माझा हात चुकला. पण तुम्हाला कळला कसा नाय?

बाई नळाला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, करोनात चव गेली. सगळ्यांची परत आली, माझी नाही आली. वासही नाही.

"मग इतके दिवस चाखत काय होता?"

"मी नुसती जीभ लावत होते. चाखायच्या मावशी."

बाईंनी सांगितलं, घरून येणारी खळ मावशी घरीच चाखून आणायच्या. रंग, माती, पानं इथे मोरीपाशी चाखायच्या, पोरं यायच्या आधी. नंतर दाराशी उभ्या राहायच्या. ठीक असेल तर पदराला हात पुसायच्या. ते बघून मग बाई डोळे मिटायच्या.

तेव्हा मला आठवलं. ती गॅसपाशी उभी राहून खळीचं बोट तोंडात घालायची. मी एकदा बघून ओरडलो होतो, भूक लागली असेल तर भाकर खा, पीठ काय चाटतेस. ती हसली होती.

"मला कधी बोलली नाय," मी म्हणालो.

"मी शपथ घातली होती."

"नवऱ्याला पण नाय सांगायचं?"

"मी म्हटलं होतं, नवऱ्याला सांगा हवं तर. त्याच म्हणाल्या, त्यांना तर मुळीच नको. तोंडाचे फटकळ आहेत, चौकात सांगून येतील."

हे खरंच होतं. त्यामुळे जास्त लागलं.

मी विचारलं, मग आज कोणाकडे बघून छान म्हणालात? बाई म्हणाल्या, कोणाकडे नाही. तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या हातची खळ बघत आलात, तशीच केली असणार असं धरून चालले.

"मी कधी बघितलीच नाय, बाई. मी पुढे शिवत बसायचो. ती आत करायची."

नळ थेंब थेंब गळत होता. बाईंनी तो बंद केला. मी त्यांना म्हणालो, कोणाला कळायचं नाही. खळ नासली म्हणून सांगू, दुसरी करू. मी, ज्याला बायको फटकळ म्हणायची, तो मी बाईंना खोटं बोलायला शिकवत होतो. कारण मला दिसत होतं की बाईंकडे दुसरं काही नाही. नवरा नाही, पोर नाही, पगार कसला, बावीस घरं या बाईच्या जिभेवर पोरं टाकून कामाला जात होती.

बाई आत गेल्या. स्टुलावरचा डबा खाली ठेवला आणि स्वतः बसल्या.

"मला आता चव कळत नाही," त्या पोरांना म्हणाल्या. "मावशी माझ्यासाठी चाखायच्या. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. ते चुकलं."

मग एक पोरगं म्हणालं, तिखट पण नाही कळत? बाई म्हणाल्या, नाही. औषध कडू नाही लागत? नाही. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण म्हणाला, बाईंची मज्जा आहे. बाकीच्यांनाही ते पटलेलं दिसलं. बाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं होतं, पोरं रडतील.

बाई आता सटाण्याला भाच्याकडे असतात, तिथे चार घरची पोरं जमवतात असं ऐकतो. त्यांच्याबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी झाडाखाली फूल पडायची वाट बघणाऱ्या बाई सांगतो, लोकांना तेच आवडतं. हे दुसरं आज पहिल्यांदा लिहितोय.

बावीस पुस्तकांच्या पाठीलाही माझ्याच हातची खळ होती, म्हणून ती मी पोत्यात भरून बाजूला ठेवली, पुढे सगळी उसवून पुन्हा बांधली. त्या दिवशी सुट्या कागदांवर चिकटवायचं आणि शिवण मी मागून घालायची असं ठरलं. डबा मागे खड्डा करून ओतला. बालवाडीच्या शेगडीवर स्टीलच्या भांड्यात मैदा आणि पाणी चढवलं. बाई ढवळत होत्या. पोरं लांब रेघेमागे बसून बघत होती. खळ चकाकायला लागली तसं पुढे बसलेल्या एका पोरीने विचारलं, मग आता कोण चाखणार?

बाईंनी पळी माझ्यासमोर धरली.

मी हळूच म्हणालो, "बाई, दोन महिने झाले, माझ्या तोंडाला चव नाय."

"जेवत नाही म्हणून नाही," बाई म्हणाल्या. "जीभ आहे तुमची. फटकळ आहे, पण आहे."

मी बोटावर घेतली, फुंकली, तोंडात घातली. डोळे मिटायचे राहिले, सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. पिठाचा कच्चा वास, जरा जळकी, बाकी काही नाही. कडू अजिबात नाही. मी म्हणालो, कच्ची आहे, अजून थोडी शिजू द्या. बाई परत ढवळायला लागल्या. मी तोंड पुसायला वळलो, मोरीकडे.

ती पोरगी म्हणाली, "ओ आजोबा, थुंकायचं नाही. चांगली असली की बाई गिळतात."

मी गिळली.